सरांचं नववं गाणं

आमच्या सरांचा दोन गोष्टींवर विश्वास नव्हता. एक सिमेंटचा स्लॅब आणि दुसरा "घाबरू नका" म्हणणारा माणूस. लातूरच्या ज्या क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवायचे, तिथं या दुसऱ्या गोष्टीवाचून एक दिवस निघत नसे. संचालक येता-जाता पोरांना "घाबरू नका" म्हणायचे, भिंतीवर तेच रंगवलेलं होतं, आणि भोकर-नायगावकडून ट्रंक घेऊन आलेल्या पोरांच्या आया निघताना रडायला लागल्या की ऑफिसातल्या बाई त्यांनाही तेच ऐकवायच्या. आमचे सर मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गाच्या दारात उभे राहून सांगायचे, "घाबरा. घाबरलेला माणूस बाहेर झोपतो."

बाहेर झोपण्याचा आणि बारावीच्या पेपराचा संबंध काय, हे आम्हाला कळायचं नाही. आम्ही हसायचो. भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात क्लासेसचं अमाप पीक आलं होतं. ज्याला त्याला घरावर मजला चढवायचा होता. बाहेरून जिना काढायचा, वर चार खोल्या बांधायच्या, खोलीत चार पोरं कोंबायची. ज्या शहराच्या शेजारची गावंच्या गावं एका पहाटे आडवी झाली, तेच शहर बिनघोर मजले चढवत होतं. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. वाटायचं ते एकट्या सरांना, आणि त्यांना आम्ही येडं समजत होतो.

सर एका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. उन्हाळ्यात त्या खोलीत पाय ठेववत नसे. घरमालकीण खाली चांगली खोली द्यायला तयार होती, पण सर म्हणायचे, "पत्रा पडला तर टाके पडतात. स्लॅब पडला तर टाके घालायला कुणी उरत नाही." खोलीत फळी नाही, खुंटी नाही, डोक्याच्या वर काही म्हणून ठेवलेलं नाही. पुस्तकं जमिनीवर, कपडे जमिनीवर. वर्गात ते फळ्यावर लिहून झालं की उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि तिथूनच पुढचं शिकवायचे. मागच्या बाकावरच्यांना ऐकू यायचं नाही, पण तक्रार कोण करणार? फिजिक्स त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस तेव्हा लातुरात दुसरा नव्हता.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा मात्र कुकरची. घरमालकीण मला एकदा म्हणाली, "तुमचे सर मानूस लई चांगले, पर कुकरची शिट्टी झाली की चपला घालून रस्त्यावर जाऊन उभं ऱ्हायतात. मी आता भात पातेल्यातच लावून राहिले. आमचे हे मला म्हनतेत, भाडेकरू ठेवलाय का जावई?" मी ही गोष्ट पोरांना नकलेसकट सांगितली. पुढचा महिनाभर वर्गात कुणीतरी तोंडानं शिट्टी वाजवायचं आणि सर खडू खाली ठेवून बाहेर जायचे. सांगायला लाज वाटते, पण पहिली शिट्टी माझी होती.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती "माहीत नाही"मुळे. त्यांच्या चाचणी परीक्षेत चुकीच्या उत्तराला शून्य आणि "माहीत नाही" असं स्वच्छ लिहिलं तर अर्धा मार्क मिळायचा. असली पद्धत अख्ख्या महाराष्ट्रात कुठं नसेल. संचालक कपाळाला हात लावायचे. "सर, पालक पोराला माहीत व्हावं म्हणून पाठवतात हो," असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. सर म्हणाले, "माहीत नसताना माहीत असल्यासारखं सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते आधी पालकांना विचारा."

मी आळशी होतो. पन्नासपैकी एकतीस प्रश्नांना "माहीत नाही" ठोकून दिलं आणि मोकळा झालो. अंदाजपंचे सगळा पेपर सोडवणाऱ्या माझ्या नायगावच्या रूममेटपेक्षा मला मार्क जास्त पडले. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सरांनी मला उंबऱ्यावर बोलावून घेतलं आणि म्हणाले, "एकतीस वेळा खरं लिहिणारा पहिल्यांदा बघतोय. तू गिटार वाजवतोस म्हणे. गातोस का?" मी "हाव" म्हणालो. माझ्या आळसाला त्यांनी खरेपणा समजावं, ही त्यांची माझ्याबाबतीतली पहिली चूक.

मेडिकल अर्थातच हुकलं. मी नांदेडला परत आलो आणि बीएस्सीला बसलो. एका रविवारी सर एसटीनं थेट आमच्या घरी हजर. हातात क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर गाणी लिहिलेली. म्हणाले, "याची कॅसेट करायची. भजन नको, भावगीत नको. तुम्ही पोरं ते कानठळ्या बसवणारं ऐकता ना, तसलं पाहिजे."

माझा मित्र अल्ताफ ड्रम वाजवायचा. त्याच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता आणि वाद्यं ठेवायला जुन्या नांदेडात एक लांबट खोली होती. लग्नसराई संपली की ती खोली, तो ढोल, ते भोंगे सगळं चार महिने रिकामं पडायचं. आमचा रॉक त्या चार महिन्यांत व्हायचा. वरातीच्या गाडीवरच्या अॅम्प्लिफायरला मी गिटार जोडली तर असा फाटका, ओरखडे काढणारा आवाज आला की अल्ताफचे अब्बा धावत आले. सर मात्र खुश झाले. म्हणाले, "हाच आवाज."

सगळी गाणी प्रश्नपत्रिकेसारखी लिहिलेली. पहिलं गाणं होतं "रिकाम्या जागा":

या घरात — माणसं राहत होती.
त्यातली — आता आहेत.
उरलेल्या जागा आपापल्या अक्षरात भरा.

रिकामी जागा गायची कशी? मी "हूं हूं" करून पाहिलं. सर म्हणाले, "काही करायचं नाही. ढोलावर एक ठोका आणि गप्प." अल्ताफला राहवेना, तो तिथं झांज घालायचा. सरांनी उठून झांज बाहेर नेऊन ठेवली. दुसरं गाणं "जोड्या लावा". डाव्या बाजूला चपला, उजव्या बाजूला पाय, जोड्या लावा, वेळ पाच मिनिटं. ते मी पहिल्यांदा गायलो तेव्हा अल्ताफ म्हणाला, "सर, ये तो मय्यत है. इसपे कौन नाचेगा?" सर म्हणाले, "कुणी नाचू नये म्हणूनच लिहिलंय."

नऊ गाणी होती. नववं त्यांनी सगळ्यात शेवटी, आठ गाणी रेकॉर्ड झाल्यावर दिलं, आणि देऊन खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. ते वाचल्यावर मला कुकरचा उलगडा झाला.

सरांचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं. मोठ्या भूकंपाच्या आधी कित्येक महिने तिथं जमीन गुरगुरत होती. लोक घाबरून खळ्यात, शेतात, देवळासमोर झोपत होते. सर तेव्हा लातूरच्या कॉलेजात शिकवायचे आणि रविवारी घरी जायचे. गावात फिजिक्स शिकलेला एकटा माणूस. लोकांनी विचारलं, गुरुजी, हे काय हाय? सरांनी शाळेतला फळा देवळासमोर आणवला, त्यावर कुकर काढला आणि समजावून सांगितलं की शिट्टी होते म्हणजे वाफ बाहेर जाते. लहान धक्के बसतात ते चांगलंच, मोठा बसत नाही. लोकांना पटलं. कुकर तर सगळ्यांनी पाहिलेला. विसर्जनाच्या रात्री माणसं दमून आपापल्या घरात, माळवदाखाली झोपली. सरांची बायको आणि चार वर्षांची मुलगीही झोपली. सर लातुरात होते.

नववं गाणं असं होतं:

शिट्टी होते तोवर कुकर फुटत नाही,
देवळासमोर उभं राहून मी सांगितलं.
माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं सांगितलं.
तुम्ही वाकळा उचलल्या आणि आत गेलात.
माझ्याही दोघी गेल्या.
आता काय ते मला सांगा.

मी बाहेर गेलो. वर्गातल्या त्या शिट्टीबद्दल काही बोलावं असं फार वाटत होतं, पण जीभ उचलली नाही. सरच म्हणाले, "मला तोंडानं सांगता येत नाही. तीनदा गेलो गावात, सासऱ्यांच्या पुढ्यात बसलो आणि पीकपाण्याचं बोलून परत आलो. तू सांग. तू गाऊन सांग. ऐकल्यावर ते मला शिव्या देतील, मारतील, नाहीतर जवळ घेतील. काय ते करतील. पण काहीतरी म्हणतील." एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. कॅसेट विकायची नव्हती. गावातल्या त्यांच्या गल्लीतली जी घरं उरली होती, त्या प्रत्येक घरात एक द्यायची होती.

मी ते गाणं एका दमात गायलो. आयुष्यात तेवढं एकच काम मी नीट केलं असेल.

सरांनी कॅसेट कधी ऐकली नाही. "ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं ऐकायचं," म्हणायचे. हे मला माहीत होतं. नेमकं हेच मला माहीत होतं.

बीएस्सी झाल्यावर मी त्याच क्लासमध्ये पोरांच्या शंका सोडवायला लागलो. कॅसेटच्या प्रती मीच काढणार होतो. सरांचा स्वभाव असा की पहिली प्रत त्यांनी स्वतःहून संचालकांना दिली. दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा मागवला. मला त्यांनी पाजलेला तो पहिला चहा.

"आठ गाणी ठीकच आहेत," ते म्हणाले. "कलाकार मानूस, लिहू द्या. पण ते नववं? अरे, उद्या पालक मला विचारतील, ज्याचं ऐकून गाव आत झोपलं, त्याचंच ऐकून आमचं पोरगं डॉक्टर व्हायचं का? काय सांगू मी?"

मी चहाचा घोट घेतला.

"तू प्रती काढून राहिलास ना? आठव्या गाण्याला टेप थांबव. हाय काय अन् न्हाई काय."

"सरांना विचारतो."

"त्यांना कशाला? ते ऐकतेत कुठं? त्यांच्या भल्यासाठीच म्हणतोय मी. गावातली मानसं हाडं मोडतील त्यांची." मग चहाचा कप बाजूला सरकवून ते म्हणाले, "जूनपासून नांदेडला शाखा काढतोय. तिथं आपला मानूस पाहिजे."

मी टेप थांबवली. प्रत्येक प्रतीला, आठवं गाणं संपलं की बटण दाबायचो. मनाशी म्हणायचो, सरांच्या भल्यासाठीच आहे हे. माणसाला स्वतःचं भलं करायचं असलं की दुसऱ्याचं भलं कसं चटकन सापडतं, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो.

कॅसेटी वाटायला मी सरांबरोबर गेलो. लातूरहून बस, पुढे जीप. गाव आता नव्या जागी वसवलेलं, सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. सर प्रत्येक दारात उभे राहायचे, दोन्ही हातांनी कॅसेट द्यायचे आणि म्हणायचे, "शेवटपर्यंत ऐका. मग काय ते मला सांगा." सासऱ्यांचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"काय हाय ह्याच्यात?"

"गाणी."

"देवाची?"

"न्हाई, मामा. माझी."

म्हातारा आणखी काही विचारेल म्हणून सर थांबले. त्यानं विचारलं नाही. परतीच्या जीपमध्ये सरांचा चेहरा इतका मोकळा होता की मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला.

मग वाट बघणं सुरू झालं. त्या भागातल्या जीपा जिथं थांबायच्या, तिथं सर बाजाराच्या दिवशी क्लास सुटला की जाऊन बसायचे. गावचं माणूस दिसलं की उठून उभे राहायचे. माणसं रामराम करायची, पोरांच्या अॅडमिशनचं विचारायची आणि जायची. अर्धा पावसाळा गेला. मी म्हणायचो, "सर, खेड्यात लोकांना वेळ कुठं असतो?" ते म्हणायचे, "विचार करत असतील."

गणपतीनंतर गावातली दोन तरणी पोरं जीपमधून उतरली. मी त्या दिवशी नांदेडहून आलो होतो, सरांजवळच बसलो होतो. एकजण लांबूनच ओरडला, "सर, लई दणक्यात गाणी हायत तुमची! औंदा मिरवणुकीत हीच वाजवली की आम्ही. त्या 'जोड्या लावा'वर तर पोरं बेभान नाचून राहिली होती."

सरांनी बाकाचा कोपरा धरला. "विसर्जनाच्या मिरवणुकीत?"

"हाव की."

"आणि शेवटचं गाणं? ते ऐकलं का सगळ्यांनी?"

"ऐकलं ना. शेवटचं बी लई भारी हाय."

पोरं आठव्या गाण्याबद्दल बोलत होती. त्यांना तेच शेवटचं. हे त्या जागी फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. जून होऊन गेला होता, नांदेडच्या शाखेच्या पाटीवर माझं नाव लागलं होतं, आता ते कुणी पुसणारही नव्हतं. तरी मी बोललो नाही. सर मला म्हणाले, "ऐकलं त्यांनी. ऐकून नाचले." मग उठून चालायला लागले, आणि त्या थांब्यावर ते पुन्हा कधी गेले नाहीत.

पुढे सर सुधारले. हा शब्द संचालकांचा. "माहीत नाही"चा अर्धा मार्क बंद झाला. ते उंबऱ्यावरून उठून फळ्यापाशी उभे राहायला लागले, मालकिणीच्या खालच्या खोलीत स्लॅबखाली राहायला आले. कुकर झाला तरी बसून राहायचे. मालकीण मला म्हणाली, "आता सरांना कशाचंच काही वाटत न्हाई बघा." तिला बरं वाटत होतं. मी मान हलवली. अशी आणखी काही वर्षं काढून सर पोटाच्या दुखण्यानं लातुरातच गेले. क्लासनं एक दिवस सुट्टी दिली.

सर गेल्याचं सांगायला मी त्यांच्या सासऱ्यांकडे गेलो. बरोबर मूळ टेप नेली होती आणि एक टेपरेकॉर्डर. आता ऐकवायला कुणाच्या बापाची भीती नव्हती. भीती नसली की मी फार सच्चा माणूस आहे.

म्हातारा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. जावई गेल्याचं ऐकून त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी म्हणालो, "सरांचं एक गाणं ऐकायचं राहिलं होतं तुमचं," आणि नववं गाणं लावलं. माझा विशीतला आवाज त्या ओसरीवर घुमला. "आता काय ते मला सांगा" झालं, ढोलाचा शेवटचा ठोका पडला.

म्हातारा म्हणाला, "हे आमाला ठावं होतंच की. समद्या गावाला ठावं होतं. फळा मीच उचलून आनला होता शाळेतून." त्यानं डोळे पुसले. "आमी वाट बघून राहिलो होतो, ह्यानं एकदा तोंडानं म्हनावं म्हून. तो येयचा, पावसापान्याचं बोलायचा, जायचा. तेवढं म्हनला असता तर हात धरून माज्या ताटापाशी बसवला असता. पोर माझी बी गेली, त्याची बी गेली. मानूस येकमेकाला धरूनच जगतंय ना?"

मी टेपरेकॉर्डर बंद केला.

"पर मग हे त्या कॅसेटीत का नव्हतं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मी शेवटपर्यंत ऐकली होती. तो म्हनला होता ना, शेवटपर्यंत ऐका."

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"टेप संपली होती, बाबा," मी म्हणालो. "कॅसेट लहान होती. नववं बसलं नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नशीब बघा," म्हणाला. मग आत तोंड करून त्यानं सुनेला हाक मारली, "अगं, ताट कर. जावयाच्या जवळचा मानूस हाय. लांबून आलाय, तसाच जाऊ देऊ नगं." उठून त्यानं माझा हात धरला आणि मला आत नेऊन पाटावर बसवलं. सुनेनं भाकरी वाढली, आमटी वाढली, शेंगदाण्याची चटणी वाढली. म्हातारा शेजारी बसून "सावकाश जेव" म्हणत होता.

मी जेवलो. दुसरी भाकरीही मागून घेतली.